हॉलमधली कबड्डी, मैदानावरचा फुटबॉल आणि चाळीस हजारांची लेन्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तेरा वर्षांची, शाळेच्या कबड्डी संघात, सामने बहुतेक बंद हॉलमध्ये मॅटवर. मुलगा अकराचा, संध्याकाळी आणि रविवारी फुटबॉल खेळतो. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स (हे आकडे फोकल लेन्थचे, मिलीमीटरमध्ये; आकडा मोठा तितकं दृश्य जवळ दिसतं). मैदानावरचे फोटो बरे येतात, हॉलमधले एक तर काळे येतात नाही तर हललेले. हातात चाळीस हजार आहेत. ७०-३०० घ्यावी, की आणखी पैसे साठवून ७०-२०० एफ २.८ (एफचा आकडा लहान तितका लेन्स जास्त उजेड आत घेते)?

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. ७०-३०० घेऊ नका. फुटबॉलसाठी आहे तीच ५५-२५० राहू द्या. हॉलसाठी एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घ्या, ५० किंवा ८५. या दोन्हींतली कोणती, हे तुम्हाला हॉलमध्ये कुठे बसू देतात यावर ठरेल. ते तुमच्याच जुन्या फोटोंवरून कसं काढायचं ते पुढे येईलच.

तुमची अडचण झूम कमी पडण्याची नाही, उजेड कमी पडण्याची आहे. कबड्डीत हात-पाय थांबलेले दिसायला शटर स्पीड निदान १/५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, लागतो. शाळेच्या किंवा पालिकेच्या साधारण हॉलमध्ये, डोळ्यांना लख्ख वाटणाऱ्या दिव्यांखालीसुद्धा, १/५०० आणि एफ २.८ ला आयएसओ (उजेडासाठीची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास ठेवावा लागतो. तुमची ५५-२५० पूर्ण झूमवर एफ ५.६ ला अडते. एफ २.८ पासून एफ ५.६ पर्यंत दोन स्टॉप; दर स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे चौथा हिस्सा. मग आयएसओ हवा १२८००, आणि १५००डीचा नेहमीचा आयएसओ ६४०० ला संपतो. ऑटोवर असलेला कॅमेरा अशा वेळी शटर १/१२५ पर्यंत खाली आणतो, म्हणून फोटो हलतो. तुम्ही शटर पक्का धरलात तर फोटो काळा येतो. ‘एक तर काळे नाही तर हललेले’ ही तुमची तक्रार या हिशेबात तंतोतंत बसते. ७०-३०० सुद्धा लांबच्या टोकाला एफ ५.६ चीच आहे, त्यामुळे हॉलमध्ये काळंच फक्त जरा जवळून दिसेल.

आता तोच हॉल एफ १.८ ने बघा. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते. तेच १/५००, पण आयएसओ १२५० च्या आसपास. १५००डीवर १६०० पर्यंत फोटो स्वच्छ येतो, ३२०० चालवून घेता येतो, ६४०० ला चेहऱ्यावर दाणे दिसायला लागतात. म्हणजे फरक थोडाफार नाही, फोटो ठेवायचा की पुसायचा इतका आहे.

एक गैरसमज बऱ्याच पालकांचा असतो, म्हणून सांगतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, खेळाडूची हालचाल नाही. १/५०० ला हाताची थरथर तशीही फारशी उमटत नाही. म्हणून हॉलसाठी लेन्स घेताना स्टॅबिलायझेशन नसलं तरी बिघडत नाही, आणि केवळ ते आहे म्हणून जास्त पैसे तर अजिबात मोजू नका.

दुकानात जाण्याआधी अर्धा तास संगणकासमोर बसा. हॉलमधल्या मागच्या तीन-चार सामन्यांचे फोटो उघडा, त्यांतले रचनेच्या दृष्टीने आवडलेले, मग ते हललेले का असेनात, वीस-पंचवीस निवडा आणि प्रत्येकाची फोकल लेन्थ कागदावर लिहा. फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये ती असते. बहुतेक आकडे ४० ते ६० मध्ये आले तर तुम्हाला ५० हवी आहे. ७५ ते १०० मध्ये आले तर ८५. आकडे सगळीकडे विखुरलेले असतील तर तुम्ही सामन्यात जागा बदलत राहता, तेव्हा एक जागा धरून बसायची सवय आधी करावी लागेल, कारण प्राइम झूम होत नाही. १५० च्या वर बरेच आकडे आले, तर तुम्ही मॅटपासून फार लांब बसता आहात. त्यावर लेन्स हा उपाय नाही, आयोजकांकडे जवळ बसण्याची परवानगी मागणं हा आहे.

अंतराचा हिशेब तोंडी करता येतो. तुमच्यासारख्या क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर), आडव्या फ्रेममध्ये मूल फ्रेमच्या दोन-तृतीयांश उंचीचं दिसायला हवं असेल, तर मीटरमधलं अंतर गुणिले साडेसात, इतके मिलीमीटर लागतात. सात मीटरवर ५०, अकरा मीटरवर ८५, वीस मीटरवर १५०. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर गुणिले बारा. उभी फ्रेम धरलीत तर तीच लेन्स तेवढ्याच अंतरावर दीडपट उंची सामावते.

हे कबड्डीला लावून बघू. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, लहान गटात त्याहून थोडं लहान. मध्यरेषेच्या एका बाजूचा अर्धा भाग सहा मीटर खोल. बहुतेक पालक मध्यरेषेच्या समोर, बाजूच्या रेषेपाशी बसतात, कारण तिथून सगळा खेळ दिसतो. बघायला ती जागा उत्तम, फोटोला वाईट. तिथून चढाई करणाऱ्या मुलीची नुसती कड दिसते आणि मधे पंच उभे असतात. चढाई करणारी बचाव करणाऱ्यांकडे तोंड करून असते, म्हणून तिचा चेहरा हवा तर प्रतिस्पर्ध्यांच्या अंतिम रेषेमागे, कोपऱ्याकडे बसा. तुमची मुलगी बचावात, समजा कोपरा सांभाळत असेल, तर उलट: मध्यरेषेच्या पलीकडून तिचा चेहरा दिसतो, तेव्हा समोरच्या अर्ध्या भागाच्या बाजूला बसा. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तुम्हीही बदला.

अंतिम रेषेमागे दोन मीटरवर कोपऱ्यात बसलात, तर बोनस रेषेच्या आसपास पोहोचलेली चढाईपटू तुमच्यापासून चार ते नऊ मीटरवर असते. साडेसातने गुणा: ३० ते ६५. म्हणजे ५० ची लेन्स. तीच जागा मिळाली नाही आणि बाजूच्या खुर्च्यांवरून किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, दहा-बारा मीटरवरून काढावं लागलं, तर ८५. म्हणून आधी जागेची चौकशी करा, मग लेन्सची. पंचांना किंवा संयोजकांना सामन्याआधी भेटून ‘फ्लॅश वापरणार नाही, रेषेपासून दोन मीटर मागे बसेन’ इतकं सांगितलं तर शालेय स्पर्धेत सहसा परवानगी मिळते. ते दोन मीटर तुमच्याही भल्याचे आहेत, पकडीचा ढीग कधीकधी लॉबीच्या (मैदानाच्या कडेच्या पट्टीच्या) बाहेर येऊन कोसळतो. आणि उभं राहून काढू नका. मांडी घालून किंवा एका गुडघ्यावर बसा. खालून काढलं की मुलं मोठी, ताकदीची दिसतात आणि मागे मॅटऐवजी प्रेक्षक येतात.

या दोन लेन्सचे गुणदोष वेगळे आहेत. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम सगळ्यात स्वस्त, १६० ग्रॅमची (एसटीएम आणि यूएसएम ही फोकसच्या मोटरच्या प्रकारांची नावं). तिचा फोकस अचूक आहे, पण झपाट्याने अंगावर येणाऱ्या खेळाडूच्या मागे धावताना कधीकधी मागे पडतो. ८५ एफ १.८ यूएसएम १९९२ सालची रचना आहे, पण तिची रिंग मोटर अजूनही चपळ आणि शांत आहे. खेळासाठी तीच माझ्या जास्त विश्वासाची. तिचा दोष म्हणजे पूर्ण उघडी असताना पांढऱ्या बनियनच्या किंवा ट्यूबलाइटच्या कडेला जांभळी किनार येते. एफ २.२ ला ती बरीच कमी होते आणि उजेड फारसा जात नाही.

फोकसच्या खोलीकडे मात्र लक्ष द्या. ८५ ला एफ १.८ वर आठ मीटरवर साधारण साठ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो, पाच मीटरवर तो पाऊण फुटावर उतरतो. चढाईपटूचा पुढे आलेला हात स्पष्ट आणि चेहरा धूसर, असे फोटो यातूनच येतात. ५० ला सहा मीटरवर जवळपास एक मीटर मिळतो, म्हणून नवशिक्याला ती जास्त सांभाळून घेते. हॉल बरा उजळ असेल तर दोन्ही लेन्स एफ २.२ ते २.५ वर ठेवा.

मग ७०-२०० एफ २.८ चं काय? लेन्स म्हणून ती उत्तमच आहे, आणि दोन्ही मुलांचे खेळ एकाच लेन्सने काढायचे तर तिला तोड नाही. पण कंपनीची नवी घ्यायची तर लाखाच्या पुढे जावं लागतं, वजन दीड किलोच्या आसपास, आणि तुमच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसल्यावर ७० हाच आकडा निम्म्या वेळा जास्त पडेल. शिवाय एफ १.८ पेक्षा ती सव्वा स्टॉप काळी. तुमच्या बॉडीवर हा फरक म्हणजे आयएसओ १२५० की ३२००. नव्या, जास्त आयएसओ सहज पेलणाऱ्या बॉडीवर हाच फरक नगण्य वाटला असता. पैसे साठवायचेच असतील तर आधी एका स्पर्धेसाठी ती भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने देणारे बरेच आहेत, अनामत आणि ओळखपत्र लागतं. दोन तास ती हातात धरून बघितल्यावर मोनोपॉडचा (एका पायाच्या स्टँडचा) खर्चही बजेटमध्ये धरावा लागेल हे कळतं. स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी ७०-२०० एफ २.८ वापरलेल्या बाजारात पुष्कळ स्वस्त मिळते आणि १/५०० च्या वर चालवायला ठणठणीत असते. मात्र इतक्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळतीलच असं नाही.

फुटबॉल सोपा आहे. कडक उन्हात एफ ५.६, १/१६०० आणि आयएसओ २००, एवढ्यात काम होतं. पाचच्या सुमाराच्या कलत्या उन्हात १/१००० आणि ४०० ते ८००. इथे एफ २.८ नसल्याने काहीच अडत नाही. सूर्य बुडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आकडा ३२०० च्या पुढे पळतो, तेव्हा कॅमेरा बॅगेत ठेवून सामना बघावा हे उत्तम. २५० भागिले साडेसात म्हणजे तेहेतीस मीटर, ३०० ला चाळीस. त्या सात मीटरसाठी ७०-३०० चे पैसे मोजायचे का, हा हिशेब तुम्हीच करा. पूर्ण मैदान १०५ बाय ६८ मीटरचं, मुलांचं त्याहून बरंच लहान आखतात, पण कुठलीच लेन्स ते सगळं व्यापत नाही. तुमचा मुलगा पुढच्या फळीत असेल तर प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेमागे, गोलखांबापासून दहा-बारा मीटर बाजूला बसा आणि खेळ तुमच्याकडे येईपर्यंत थांबा. ऊन पाठीशी येईल अशी बाजू निवडा. चेंडूमागे मैदानाभोवती धावणाऱ्या पालकाकडे शेवटी पाठींचेच फोटो जमतात.

तुमच्याकडची ५५-२५० कोणती आहे ते मात्र बघा. पुढच्या कडेवर एसटीएम लिहिलेलं असेल तर झकास. नसेल तर ती जुनी आवृत्ती, तिची मोटर आवाज करते आणि पळणाऱ्या मुलामागे दमते. अशा वेळी वापरलेली एसटीएम आवृत्ती घेणं हा सगळ्यात किफायतशीर बदल आहे, आणि चाळीस हजारांत ती व ५० किंवा ८५ अशा दोन्ही बसू शकतात. जुनी ७५-३०० कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा. स्टॅबिलायझेशन नाही, फोकस मंद, आणि ३०० ला प्रतिमा मऊ येते. टेलिकन्व्हर्टरचाही (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावून फोकल लेन्थ वाढवणाऱ्या जोडभिंगाचाही) विचार नको, दोनपटवाला दोन स्टॉप उजेड खातो आणि या किट लेन्सवर तो नीट बसतही नाही.

हाच प्रश्न क्रिकेट किंवा खो-खोसाठी पडलेल्यांना उत्तर वेगळं आहे. क्रिकेटमध्ये सीमारेषेबाहेरून फलंदाज साठ मीटरवर असतो, म्हणजे साडेचारशे मिलीमीटर लागतात. तिथे सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० हाच वास्तववादी पर्याय, दोन किलोची आणि लांबच्या टोकाला एफ ६.३ ची, पण सामने उन्हातच असतात. एप्रिल-मेच्या दुपारी मात्र तापलेल्या मैदानावरची हवा लहरते आणि साठ मीटरवरचा फोटो कुठल्याही लेन्सने मऊ येतो, त्याला इलाज सकाळचं सत्र हाच. आझाद मैदानासारख्या ठिकाणी शेजारच्या सामन्याचा क्षेत्ररक्षक तुमच्या फ्रेममध्ये उभा असतो, त्यासाठीही बसण्याची जागा आधी फिरून ठरवावी लागते. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, आणि खरे फोटो खांबापाशी होतात: खांबावर झेप घेऊन बाद करणारा आणि शेवटच्या क्षणी अंग चोरणारा. खांबाच्या मागे तिरकं, पाच-सहा मीटर बाहेर बसा, शटर १/१०००. उघड्यावर असेल तर तुमची ५५-२५० तिथे अगदी योग्य आहे.

लेन्स आल्यावर १५००डीवर हे करा. मोड एम (मॅन्युअल), हॉलमध्ये शटर १/५००, ॲपर्चर एफ १.८ ते २.२, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ६४००. फोकस एआय सर्वो (हलत्या खेळाडूवर सतत फोकस धरणारा), आणि नऊ बिंदूंपैकी फक्त मधला. या बॉडीत तेवढाच एक क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, बाकीचे कमी उजेडात चाचपडतात. व्ह्यूफाइंडरमधूनच काढा, मागच्या पडद्यावर बघून काढलंत तर या कॅमेऱ्याचा फोकस खेळासाठी फारच मंद होतो. मेन्यूत शटर आणि एई लॉक बटणाची जी सेटिंग आहे, तिथून फोकस अंगठ्याखालच्या ताराचिन्हाच्या बटणावर नेऊन ठेवा. मग पंच मधे आडवा गेला तर अंगठा उचलायचा, फोकस आहे तिथेच राहतो. सेकंदाला तीनच फोटो निघतात, म्हणून बटण दाबून धरण्यापेक्षा क्षण ओळखून एकेक काढा. हात लागताना दिसला म्हणजे तो क्षण गेलेला असतो, चढाईपटूचा खांदा झुकला की दाबा.

काही हॉलमध्ये लागोपाठचे दोन फोटो, एक नीट आणि एक पिवळट काळा, असे येतील. लेन्स खराब नाही. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुने ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. १/५०० चा फोटो त्या चढउताराचा पाचवा हिस्साच पकडतो. ज्या बॉडीत अँटी-फ्लिकर आहे तिथे ते चालू करावं. ते नसेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, दोन-तीन फोटो जास्त घ्या आणि रंग नंतर सुधारा.

वापरलेली लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेवर तिरका धरून पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास असते. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० टक्के ठीक. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक नको. फोकस रिंग फिरवताना कुठे अडकू नये.

आणि एफ १.८ ची लेन्स, नवी असो वा जुनी, तुमच्याच बॉडीवर तपासा. १५००डीमध्ये फोकस पुढेमागे सरकत असेल तर तो बॉडीतून दुरुस्त करण्याची सोय नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरा, दीड-दोन मीटरवरून, शक्य तर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, पंचेचाळीस अंशांत बघेल असा लावा. एका ठळक ओळीवर मधल्या बिंदूने, एफ १.८ ला, व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो काढा, दर वेळी फोकस आधी बिघडवून. मग त्याच ओळीवर मागच्या पडद्यावरून फोकस करून पाच. दुसऱ्या पाचांत ओळ धारदार आणि पहिल्या पाचांत दर वेळी त्याच बाजूची दुसरी ओळ धारदार येत असेल, तर ही लेन्स आणि तुमची बॉडी यांचं जुळत नाही. नवी असेल तर दुकानाच्या परतीच्या मुदतीत बदलून घ्या, जुनी असेल तर पैसे देण्याआधीच हे करून बघा.